रांगेतल्या शेवटच्या चपला

जुईनगर स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताच्या गल्लीत आता एक हॉस्टेल निघालं आहे. ते विद्यार्थ्यांचं नाही आणि नोकरदारांचंही नाही. पाठीवर पिशवी टाकून एकटं हिंडणाऱ्यांसाठी आहे. भाचीचं लग्न होतं, तिच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांची दाटी झाली होती, तेव्हा तिनेच माझ्यासाठी तिथली एक खाट राखून ठेवली. फोनवर म्हणाली, "मावशी, तुला आवडेल बघ. तू पण तरुणपणी अशीच एकटी फिरायचीस ना? सेम व्हाइब आहे." व्हाइब म्हणजे काय ते मी विचारलं नाही. या वयात काही शब्द न कळणं ही एक सोय असते.

आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर इंग्रजीत भलीमोठी अक्षरं रंगवलेली होती. हरवल्याशिवाय माणूस स्वतःला सापडत नाही, असा काहीसा मजकूर होता. त्याच्याच खाली आग लागल्यास बाहेर कसं पडायचं त्याचा नकाशा होता. नकाशा पाहून मला बरं वाटलं. हरवण्याचा उपदेश करणाऱ्यांनी निदान दार कुठे आहे ते सांगून ठेवलं होतं. काउंटरवरच्या मुलीने कानातली बोंडं काढली आणि म्हणाली, "आंटी, शूज इथेच काढायचे हं. आत अलाउड नाही."

दाराशी पादत्राणांची रांग होती. चिखलाने माखलेले बूट होते, रंगीत प्लास्टिकचे खडावांसारखे जोड होते, एकावर एक चढलेले सँडल होते. मी वाकून माझ्या सँडलचा पट्टा सोडला आणि तशीच वाकलेली राहिले. रांगेच्या शेवटच्या टोकाला, इतरांपासून थोडं अंतर सोडून, टाचा भिंतीला लावून नीट जोडीने ठेवलेल्या बायकी चपला होत्या. तपकिरी, साध्या.

"आंटी, आर यू ओके? पाणी देऊ?"

"नको ग. कंबर धरली जरा."

कंबरेला काही झालेलं नव्हतं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. जुईनगर नव्हतं. जुई नावाचं गाव होतं, त्याच्या पुढे मिठागरं, त्यापुढे खाडी. गावं होती तिथेच होती, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या रानात आकडे घालून सेक्टर पाडले होते. माणसं यायची होती. चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यांच्या खिडक्यांना तावदानं नव्हती, त्यामुळे संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की सगळ्या इमारती एकदम घुमायच्या. रुंद रस्ते होते, त्यांवर दिव्यांचे खांब होते, दिवे कागदावर होते. एकविसाव्या शतकाचं शहर, असं पाटीवर लिहिलेलं होतं आणि पाटीखाली म्हशी बसलेल्या असत. त्या हवेला एक वास होता. ओला चुना, सुकलेली मासळी, आणि वारा फिरला की कारखान्यांच्या पट्ट्यातून येणारा, कुजक्या बदामासारखा गोडसर दर्प. तो आला की घशाशी काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. लोक म्हणायचे, सवय होते. मला ते आश्वासन कधी वाटलं नाही.

मी नगरकडच्या एका शाळेत शिकवत होते. मे महिन्याची सुट्टी लागली की एक खाकी पिशवी घेऊन निघायचे. का निघायचे, हे तेव्हा सगळ्यांनी विचारलं. आता कोणी विचारत नाही आणि मलाही सांगता येणार नाही. पगार बेताचा, त्यामुळे लॉज परवडत नसे आणि लॉजवाले एकट्या बाईला खोली देतही नसत. मग राहायचं कुठे, तर मुलींच्या शाळांच्या सुट्टीत ओस पडलेल्या वसतिगृहांत, धर्मशाळांत, नोकरदार बायकांच्या हॉस्टेलांत. प्रत्येक ठिकाणी एखादी पाहुण्यांची खाट असे. काथ्याची गादी, मधोमध खळगा पडलेली. त्या खळग्यात आधी झोपून गेलेल्या सगळ्या बायकांचा आकार असायचा आणि मी त्यात पडले की बरोबर बसायचे. फिनेल, डांबरगोळ्या, खोबरेल, स्टोव्हचं रॉकेल. आजही यातले दोन वास एकत्र आले की मी नकळत पिशवी जवळ ओढते.

लोक म्हणायचे, एकटी फिरते. ते खरं नव्हतं. भीती बरोबर असायची. तिला तिकीट लागत नसे एवढंच. एसटीत ती खिडकीशी बसे आणि मी तिच्या पलीकडे. नव्या जागी गेले की आम्ही दोघी मिळून काही विधी करायचो. आधी दाराची कडी बसते का बघायची. ती बसत नसेच. मग खाट ओढून दाराला लावायची. पिशवीचा बंद घोट्याला बांधायचा. उशीखाली आईने दिलेली तिखटाची पुडी ठेवायची. ती पुडी कधीच कोणाच्या डोळ्यांत गेली नाही. फक्त एकदा फुटली आणि माझ्या सगळ्या ब्लाउजांत गेली.

आणि गळ्यात काळी पोत. ती आत्याची युक्ती. बाजारातून तिने काळ्या मण्यांचा सर आणला होता, त्यात सोन्याचं पाणी दिलेल्या पितळी वाट्या. "गळ्यात एवढं असलं की पुरुष आधी तिथे बघतात, आणि मग दुसरीकडे बघत नाहीत," ती म्हणाली होती. आत्याचं म्हणणं निम्मंच खरं होतं. पण निम्म्या धीराची मला सवय होती. घरातून निघताना गळा मोकळा असे. एसटी गाव सोडून वळली की मी पोत काढून गळ्यात घालायचे. मागच्या सीटवरच्या बाईच्या देखत माझं लग्न व्हायचं.

त्या वर्षी कोकणात उतरायचं होतं. पनवेलला जाणारी संध्याकाळची गाडी चुकली आणि कोणीतरी सांगितलं की जुईच्या वाटेला बायकांचं नवं हॉस्टेल आहे. इमारत दुरूनच दिसली, कारण तिच्या आसपास दुसरं काही नव्हतं. प्रवेशद्वारात संगमरवराची पाटी होती. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, सगळ्यांची नावं खोदून सोनेरी रंग भरलेला. नावांना संगमरवर पुरला होता, न्हाणीघराला दार पुरलं नव्हतं. तिथे गोणपाट लावलेलं होतं.

रेक्टर देवधरबाई टेबलामागे बसल्या होत्या. गळ्यात शिट्टी. पाठीमागे पत्र्यावर रंगवलेले नियम, पहिला नियम असा की नियम पाळावेत.

"मिस्टरांचं नाव?"

"श्रीकांत," मी म्हटलं.

"काय करतात?"

"बोटीवर असतात."

देवधरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नवऱ्याचं नाव फार पटकन घेतलंत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडच्या लग्न झालेल्या बायका लिहायची वेळ आली की कागद माझ्याकडे सरकवतात आणि खिडकीबाहेर बघतात. तुम्ही तर हजेरी घेतल्यासारखं सांगितलंत."

एवढा विचार मी केला नव्हता. आत्यानेही केला नव्हता, ती बिचारी बालविधवा.

"हे बघा, राहायचं तर रविवारपर्यंत राहा. पण सासरहून भांडून आला असाल तर आत्ताच सांगा. तसल्या मुली मी ठेवून घेत नाही. मागोमाग माणसं येतात, तमाशा होतो. मग मला घरी तार करावी लागते."

तार घरी गेली तर वडील न बोलता येतील, न बोलता मला घेऊन जातील, आणि त्यानंतरच्या सगळ्या मे महिन्यांत मी अंगणात बसून कुरडया राखेन. लग्न झालंच नाही असं सांगितलं तर खोटारडी ठरत होते, झालं म्हटलं तर पळालेली. मी खिडकीबाहेर बघितलं. उशीर झाला होता, पण निदान आता रीतसर दिसत होतं.

पाहुण्यांच्या दोन खाटा होत्या, मोठ्या हॉलच्या कोपऱ्यात. दुसरीवर एक मुलगी भिंतीला पाठ लावून बसलेली होती. नाव कमल. वहीत कुमारी लिहिलंय, असं तिने न विचारता सांगितलं. वय माझ्याहून कमी. पदर मानेभोवती गुंडाळून घेतलेला. पायांत न्हाणीघरातल्या निळ्या रबरी स्लिपरा, ज्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने हॉस्टेलचं नाव लिहिलेलं होतं, कोणी पळवू नयेत म्हणून. ती जेवायलाही त्याच घालून जायची, अंगणातही. दुसरं काही तिच्यापाशी नव्हतंच. तिने पाय पोटाशी घेतले तेव्हा मला दिसलं की अंगठ्याशेजारच्या बोटांवर कातडीची फिकी कडी उमटलेली आहे. वर्षानुवर्षं जोडवी घातल्यावर उमटते तशी.

"ताई, तुमी एकट्याच हिंडता? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"म्हंजे घरी कुणी मारत-बिरत न्हाई, तरी?"

"तरी."

माझ्या प्रवासाबद्दल मला त्यानंतर पुष्कळांनी पुष्कळ विचारलं. एवढं कोणी विचारलं नाही.

मग तिने हात पुढे केला आणि माझ्या पोतीच्या वाट्या बोटांवर तोलल्या.

"हलक्या हायत. खोटी व्हय?" आणि तोंडावर हात ठेवून हसली. तिचा पुढचा एक दात अर्धा होता. "माझी खरी हुती. येताना पुलावरनं खाडीत टाकली. लोक निर्माल्य टाकत्यात न्हवं का तिथं. म्हटलं, हे बी जाऊ दे."

"आता कुठे जाणार?"

"नाशकाला मावसबहीण हाय. तिथवर पोचले का झालं." आणि म्हणाली, "पोचले तर."

रविवारपर्यंतची परवानगी मिळाली म्हणून मी राहिले. ते हॉस्टेल मी फक्त काही दिवस पाहिलं, पण सकाळच्या वेळचे त्याचे आवाज मला अजून ओळीने ऐकू येतात. टाकीत पाणी चढताना पाइपाची धडधड. टायपिंगच्या परीक्षेला बसलेली शोभा पाटावर बोटं आपटून सराव करायची ती टपटप. जनामावशीच्या पितळी बांगड्या. जनामावशी स्वयंपाकाला होती, शेजारच्याच गावातली. "ही चूल हाय ना, ती माजे शेतान मांडलेय," ती भाकरी थापता थापता सांगायची. "भात व्हायचा हितं. आता माजेच शेतान मी चाकरी करतंय. घ्या, भाकर घ्या. जमीन खाल्ली सरकारनी, भाकर तुमी खा." आणि हसायची. ती बोंबील तळायला लागली की देवधरबाई नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या. पण तळू नको असा नियम त्यांनी पत्र्यावर कधी लिहिला नाही.

दिवस मावळला की कांदळवनातून कोल्हे ओरडायचे. आधी एक, मग सगळे. शहर आलं तरी त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कोल्हे सुरू झाले की हॉलमधल्या मुली बोलणं बंद करत आणि कमल माझ्या खाटेवर येऊन बसे.

शनिवारी दिवेलागणीला वीज गेली. ती रोजच जायची. मुलींनी कंदील लावला, केस विंचरायला घेतले. बोंबलांचा वास, खोबरेलाचा वास. हमरस्त्यावरून कळंबोलीकडचे ट्रक जात होते. तिकडे लोखंडाचा बाजार नुकता बसत होता, दिवसभर सळ्यांचा खणखणाट जायचा. त्या आवाजाकडे कोणाचं लक्ष नसे. त्या संध्याकाळी एक ट्रक जाता जाता थांबला. ब्रेकचा लांबत गेलेला आवाज आला, मग इंजिन चालूच ठेवून उभं राहिल्याचा. हॉलमधल्या सगळ्या जणींचे हात केसांत होते तिथे राहिले.

कमलने माझ्याकडे पाहिलं नाही. ती दाराकडे पाहत होती.

व्हरांड्यातून पुरुषाचा आवाज आला. आवाज चढलेला असता तर मी कमी घाबरले असते. तो अदबशीर होता.

"नमस्कार बाई. तसदी देतोय. आमच्या धाकट्या भावाची मंडळी घरातनं रुसून गेलीय. हिकडं बायकांची सोय हाय म्हणून कळलं."

"इथे नोकरी करणाऱ्या मुली राहतात," देवधरबाई म्हणाल्या.

"बरोबर. पण एखादी लग्न झालेली, एकटीच आलेली? दोन-चार दिवसांत?"

मग इंजिनाची घरघर फक्त. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तसल्या मुली मी ठेवून घेत नाही. देवधरबाई नियम मोडणाऱ्या नव्हत्या. नियमांखेरीज त्यांच्यापाशी काही आहे असं मला तोवर दिसलं नव्हतं.

"आहे एक," त्या म्हणाल्या.

कमलने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

"पाहुण्या बाई," देवधरबाईंनी हाक मारली. "श्रीकांतच्या मिसेस. जरा बाहेर या."

मी उठले. दाराशी पोचून मी मागे बघितलं. शोभाने काही न बोलता कमलला आपल्या पुढ्यात बसवलं होतं, तिचा अंबाडा सोडला होता, आणि शाळकरी मुलींच्या घालतात तशा दोन वेण्या घालायला घेतल्या होत्या. आणखी दोघी तिच्यासमोर दाराकडे पाठ करून बसल्या. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

तो पायरीच्या खाली उभा होता, स्वतःच्या वहाणा काढून. उंच, स्वच्छ पांढरा सदरा, कपाळावर अष्टगंध. अंगाला डिझेल आणि गंजलेल्या लोखंडाचा वास. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने बॅटरी माझ्या चेहऱ्यावर मारली आणि लगेच खाली घेतली, गळ्यावर. पोतीवर उजेड थांबला.

"ही न्हवं," तो म्हणाला. "माफ करा ताई."

मी श्वास सोडला. तोच उजेड खाली सरकला. पदरावरून, निऱ्यांवरून, माझ्या अनवाणी पायांवर.

"जोडवी न्हाईत घालत?"

कोल्हे ओरडत होते. खाडीवरून तो गोडसर दर्प आला होता. बोटीवरचा नवरा, त्याचं नाव, आत्याची युक्ती, सगळं त्या उजेडाच्या गोलात माझ्या पायाच्या बोटांसारखं उघडं पडलं होतं. हा माणूस आता विचारणार, एकीचं खोटं आहे तर बाकीच्यांचं कशावरून खरं. तो पायरी चढणार. हॉल पायरीपासून चार पावलांवर.

"घालत नाही," मी म्हटलं. "शाळेत दिवसभर उभी असते. रुततात."

"आणि आत कोणी अनवाणी आलेली बघितलीत का, ताई? देवाला स्मरून सांगा."

"नाही."

देवाला मी एरवी फारशी तसदी देत नसे. त्या संध्याकाळी दिली.

तो तरी हलला नाही. त्याने पायरीवर एक पाय ठेवला. तेव्हा देवधरबाईंनी शिट्टी तोंडात घालून अशी फुंकली की ट्रकमधला माणूससुद्धा खाली उतरला.

"पुरुषांनी व्हरांड्यात पाऊल ठेवायचं नाही! आतल्या पत्र्यावर लिहिलेलं आहे. आणि माझ्या मुलींच्या पायांवर बॅटऱ्या मारायला आलात का तुम्ही? लाज वाटत नाही? विवाहित एकच आहे, ती दाखवली. बाकी सगळ्या कुमारी. माझी वही आहे, खोटं लिहीत नाही मी."

माणसाने पाय खाली घेतला. हसला. भांडला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मग त्याने हातातला कागद उलगडला. आत बायकी चपला होत्या. तपकिरी. एका अंगठ्याचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला, टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या.

"अनवाणीच गेलीय हो. उन्हाचं पाय भाजत असतील," तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला. त्याने वाकून मुलींच्या चपलांच्या रांगेच्या शेवटच्या टोकाला, जरा अंतर सोडून, टाचा भिंतीला टेकवून त्या नीट ठेवल्या. पाऊल न ठेवता, नुसता हात लांबवून. "राहू द्या हितं. आली तर घालंल. मी बघून जाईन अधनंमधनं."

ट्रक गेला. त्याचा लाल दिवा हमरस्त्यापर्यंत दिसत राहिला.

आत कमलच्या दोन वेण्या पुऱ्या झाल्या होत्या, रिबिनीसकट. ती बारा वर्षांची दिसत होती. देवधरबाई दारात उभ्या राहिल्या. शिट्टी अजून हातात होती.

"कुमारी कमल," त्या म्हणाल्या, "पहाटे जनाबाई बांधावरून पलीकडच्या स्टॉपला जाते. तिच्याबरोबर निघायचं. हमरस्त्यावर यायचं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. बोटीवर कळवा की सगळं ठीक आहे."

उजाडायला लागलं तेव्हा भरती ओसरत होती. मिठागरांच्या चौकटींत फटफटीत आभाळ उतरलं होतं. जनामावशीने कमलला आपलं लुगडं आपल्या पद्धतीने नेसवलं, डोक्यावर टोपली दिली. कमल माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ताई, तुमची पोत द्याल? गळा मोकळा असला का कंडक्टरबी इचारतो, कुठं चालली म्हणून."

मी पोत काढून तिच्या गळ्यात घातली. खरी तिने पाण्यात टाकली होती, आणि आता जिवंत पोचायला तिला खोटी लागत होती. यावर एरवी मी एक निबंध लिहिला असता. तेव्हा मात्र मला पोतीचा फासा काही केल्या बसवता येईना, शेवटी जनामावशीने तो बसवला. मी माझ्या चपला कमलच्या पायांशी सरकवल्या. तिला मोठ्या होत होत्या.

व्हरांड्यातून जाताना तिची नजर रांगेच्या टोकाकडे गेली. स्वतःच्या चपला होत्या तिच्या. पाय आपोआप तिकडे वळला.

"हात लाव नको त्याना," जनामावशी कुजबुजली. "चल ग. बांधाव पाय बगून टाक, निसरट हाय."

दोघी बांधावरून गेल्या. पांढरे बगळे त्यांच्या पुढे पुढे उठत होते. मागे वळून बघू नको असं तिला कोणी सांगितलं असावं. तिने बघितलं नाही.

मी त्या दिवशी पुढे कोकणात गेले. परत घरी जावं असं मनात आलं होतं, ते मी पनवेलच्या स्टँडवर उभी राहून पुरतं ऐकून घेतलं आणि मग गाडीत बसले. गळा मोकळा, पायांत हॉस्टेलच्या निळ्या स्लिपरा. प्रत्येक धर्मशाळेत लोक आधी माझ्या पायांवरचं नाव वाचत. संध्याकाळी कुठेही ट्रक थांबला की माझं जेवण तिथेच संपायचं. समुद्र पाहिल्याचं मला आठवतं. पण समुद्रापेक्षा जास्त मी दारं पाहिली.

पुढच्या मे महिन्यात मुद्दाम वाट वाकडी करून जुईला उतरले, स्लिपरा परत करायला. संगमरवरावरचा सोनेरी रंग उडाला होता. व्हरांड्यात चपलांची रांग होती आणि रांगेच्या टोकाला, त्याच जागी, टाचा भिंतीला टेकवून त्या तपकिरी चपला. वर धुळीची साय. एकीत कोळ्याने जाळं केलं होतं. बाकीची फरशी लख्ख पुसलेली होती. फडकं त्यांना वळसा घालून गेल्याचं दिसत होतं.

"फेकून का नाही दिल्यात?" मी देवधरबाईंना विचारलं.

"तो येऊन जातो," त्या म्हणाल्या. "पायरीखाली उभा राहतो, बघतो, जातो. त्या हलल्या की त्याला वाटेल ती इथे होती. जागच्या जागी आहेत तोवर ती इथे आलीच नाही."

"आणि ती? पोचली का?"

देवधरबाईंनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "कळवू नको असं मीच सांगितलं होतं."

ती इमारत आता नाही. मिठागरं बुजली, कोल्हे उरलेल्या कांदळवनात मागे मागे सरकले, जनामावशीच्या शेतावर निळ्या काचांचं काहीतरी उभं आहे. त्या चपला कधी उचलल्या, कोणी उचलल्या, की पाडकामात विटांबरोबर गेल्या, मला माहीत नाही. कमल आता असली तर साठीची असेल. असली तर. इतकी वर्षं मी कुठल्याही दाराशी गेले की आधी रांग बघते, कोणी घालून आलेल्या कोणत्या आणि कोणी ठेवून गेलेल्या कोणत्या.

या नव्या हॉस्टेलात माझ्या खाटेला पडदा होता, डोक्याशी दिवा होता, दाराला कार्ड लावलं की उघडणारं कुलूप होतं. मी पिशवीचा बंद घोट्याला बांधला. वरच्या खाटेवरची मुलगी वाकून म्हणाली, "आंटी, लॉकर आहे ना," आणि मी म्हटलं, असू दे. झोप तुटक लागली. हमरस्त्यावर ट्रक जात होते. त्यातला एकही थांबू नये म्हणून मी प्रत्येकाचा आवाज शेवटपर्यंत ऐकून सोडत होते.

उजाडताना खाली आले. दाराशी एक मुलगी पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी चढवत होती. केस आखूड, गळा मोकळा. तिने रांगेच्या टोकाच्या त्या तपकिरी चपलांत पाय सरकवले. आधी एक, मग दुसरा. तिच्याच होत्या त्या. तिला बरोबर बसत होत्या.

"एकटीच निघालीस?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच आवडला नाही.

"हो आंटी. आधी हरिहरेश्वर, मग बघते." ती हसली. दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं. तिच्या चपलांचा आवाज गल्लीतून स्टेशनकडे गेला, आणि ऐकू येईनासा होईपर्यंत त्याच्यामागे दुसऱ्या कोणाचीही पावलं आली नाहीत.

रांगेच्या टोकाची फरशी रिकामी होती. धुळीत टाचांच्या दोन खुणा. मी सँडल घातले आणि ती जागा ओलांडताना पाय जरा उंच उचलला.